बर्फावर टाकलेली माती

भागाजी मामा गेल्याचा फोन मंगलने केला. मंगल त्यांची मुलगी आणि माझी विद्यार्थिनी. "बाई, दादा गेले. आज चौथा दिवस," असं ती म्हणाली. मी विचारायचं ते विचारलं, किती दिवस आजारी होते, जवळ कोण होतं. सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आता तुम्हाला कुठं सांगायचं असेल तर सांगा. माझी हरकत नाही."

हरकत कशाला, ते पुढे येईल. माझ्या हातून त्या माणसाच्या बाबतीत एक वाईट गोष्ट घडली आणि ती निस्तरायची संधी तीन वेळा येऊनही मी निस्तरली नाही. मामांविषयी लिहायचं तर ती वगळून लिहिता येणार नाही.

भागाजी मामा आमच्या मुलींच्या शाळेत शिपाई होते. शाळा औरंगाबादच्या जुन्या भागात. शहराचं नाव तेव्हा तेच होतं. नोकरीच्या कागदांवर त्यांची जन्मतारीख एक जून होती, कारण त्यांच्या गावच्या मास्तरांनी सगळ्याच पोरांची तीच लिहिली होती. त्यांना विचारलं तर म्हणायचे, "पोलीस ॲक्शनच्या वर्सातला मी. मिल्ट्री आली तवा आय मला पाठीला बांधून मेंढरांमागं फिरत व्हती." फुलंब्रीच्या अलीकडची वाडी, धनगराचं घर. बहात्तरच्या दुष्काळात कळप संपला, तेव्हा हे एका गुत्तेदाराबरोबर, म्हणजे कंत्राटदाराबरोबर, हिमालयात रस्त्याच्या कामाला गेले. लाहौल नावाचं एक उंचावरचं खोरं आहे, त्याच्या वाटेवरची खिंड बर्फानं सहा महिने बंद असते; तिथे नऊ वर्षं काढली. बाकीचे मजूर दिवाळीच्या सुमाराला खाली उतरायचे. मामा दोन हिवाळे वर राहिले, यंत्रांवर राखण करायला. परत आले ते थेट आमच्या शाळेत चिकटले.

अंगानं काटक, उंच, दात पिवळे, चालणं संथ. कोणत्याही खोलीत शिरण्याआधी उंबऱ्यावर दोनदा पाय आपटायचे. औरंगाबादच्या मे महिन्यातसुद्धा. बुटांना चिकटलेलं बर्फ झाडायची ती तिकडची सवय, पंधरा वर्षांनीही गेलेली नव्हती. घाई त्यांना ठाऊक नव्हती. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, ओरडल्या की शांतपणे म्हणायचे, "बाई, घाईनं मानूस मरतो. उशिरानं फकस्त उशीर व्हतो." पण घंटा मात्र कधी मिनिटभरही चुकली नाही.

ते इथे राहायचे आणि हवामान तिकडचं सांगायचे. मे महिन्यात आम्ही निकालपत्रं भरत बसलेलो असायचो, पंखा गरम वारा फेकायचा आणि मामा रांजणात पाणी ओतताना म्हणायचे, "आता खिंड उघडली असंल. पयला ट्रक कांदे घिऊन जातो. सहा म्हैने लोकांनी कांद्याचं तोंड बगितलेलं नसतं." जूनमध्ये इथे आभाळाकडे डोळे लावून बसलेलं असताना तिकडे मटार फुलायचा. पावसाळा त्या खोऱ्यात नसतोच, ढग खिंडीच्या अलीकडेच अडतात. शेताला पाणी बर्फाचं, वरून पाट काढून आणलेलं. श्रावणात बाहेरचे मेंढपाळ हजारो मेंढरं घेऊन खिंड चढून यायचे. त्यांच्याविषयी बोलताना मामांचा आवाज बदलायचा. "आपलीच मानसं. बोली येगळी, काठी तीच." भाद्रपद संपला की ते परत खाली, मग बटाटे निघायचे, झाडं पिवळी पडायची, गवताचे भारे घरांच्या सपाट छपरांवर चढायचे आणि मग दार बंद. "दार बंद म्हंजे बाई, खोऱ्याचंच दार. आतला आत, भाईरचा भाईर."

शिपायांच्या खोलीतल्या कॅलेंडरवर ते पेन्सिलीनं हे सगळं टिपून ठेवायचे. चतुर्थी, पौर्णिमा यांच्या खाली बारीक अक्षरात 'गवत छपरावर', 'मेंढरं परत', 'नदी दुपारी मोठी'. ही शेवटची नोंद मी एकदा विचारली. "दुपारी नदी मोठी कशी होईल?"

"ऊन वर बर्फावर पडतं सकाळी. त्याचं पानी खाली यायला दुपार व्हती. म्हनून वढा वलांडायचा तर सकाळी. दुपारी गेला त्यो गेला."

मी "हं" म्हणाले. ऐकून घेतल्यासारखं दाखवायची एक पद्धत असते, ती शिक्षकांना लवकर साधते.

प्रयोगशाळेतले रहीमभाई त्यांना रोज छेडायचे. "क्या भागाजी, आज कित्ता बरफ गिरा?"

"दो हात. आता हय क्या फावडा लेके?"

"मेरेकू क्या, मैं तो कूलर में बैठतूं."

एकदा सगळा शिक्षकवर्ग दौलताबादच्या किल्ल्यावर सहलीला गेला. जेवणाचे डबे मामांच्या डोक्यावर. अर्ध्यावर आमची दमछाक झाली, मोठ्या बाई पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "भागाजी, तुमच्या हिमालयाहून हे काय कमी आहे?" मामांनी डबे खाली ठेवले, वर पाहिलं, खाली पाहिलं आणि अगदी आदबीनं म्हणाले, "बाई, ह्यो डोंगर चांगलाच हाय. पन तिकडं असल्या उंचीला दरी म्हनतेत." आम्ही सगळ्या हसलो. मीही हसले. पण मनात म्हटलं, फेकतोय.

असं मला का वाटलं, ते आता सांगते. माझं माहेर शेतीवाडीचं. आमच्या रानात दरवर्षी धनगर मेंढरं बसवायचे, लेंड्यांचं खत मिळायचं, बदल्यात वडील त्यांना धान्य द्यायचे. संध्याकाळी ते ओट्याखाली बसून गोष्टी सांगायचे आणि ते गेले की वडील म्हणायचे, "धनगराची गोष्ट म्हणजे निम्मी लोकर, निम्मा वारा." मी लहानपणापासून हे वाक्य ऐकलेलं. भूगोलाची पदवी घेतल्यावर, बी.एड. केल्यावरही ते माझ्या डोक्यात जसंच्या तसं होतं. हीच माहिती एखाद्या प्राध्यापकानं सांगितली असती तर मी वहीत उतरवून घेतली असती.

मंगल तेव्हा नववी ब मध्ये. वडील शाळेत शिपाई असल्यामुळे फी नव्हती, म्हणून वाडीहून शहरात आणलेली. बुजरी, पण अक्षर सुरेख. नववीच्या पुस्तकात उंच पर्वतातल्या दरीवर एक छोटा भाग होता. सहामाहीत मी त्यावर प्रश्न टाकला: उंच पर्वतीय दरीत ऋतूंप्रमाणे लोकजीवनात होणारे बदल लिहा, गुण पाच. पुस्तकात चार वाक्यं होती. आदर्श उत्तर म्हणजे ती चार वाक्यं आणि वर एक आकृती. मंगलने दीड पान लिहिलं. पावसाळा नसतो. ओढा सकाळी ओलांडतात. आणि, 'हिवाळा संपताना लोक शेतातल्या बर्फावर माती पसरतात. त्यामुळे बर्फ लवकर वितळते व पेरणी वेळेवर होते.'

मी त्यावर लाल पेनानं आडवी रेघ मारली आणि शून्य दिलं. एवढ्यावर थांबले असते तर एका चुकीच्या तपासणीवर भागलं असतं.

दिवाळीनंतर पेपर वाटायचे होते. मी ते उत्तर वर्गात मोठ्यानं वाचलं. माती पसरतात, या ठिकाणी मी थांबले. साठ मुलींचा वर्ग, थांबलं की काय होतं ते मला माहीत होतं. हशा झाला.

"मंगल, उभी राहा. कुठल्या पुस्तकात आहे हे?"

"पुस्तकात नाही बाई. दादांनी सांगितलं."

"बरं. दादांनी सांगितलं. मग एवढं सांग, सगळीकडे पुरुषभर बर्फ असताना ते लोक माती आणतात कुठून? औरंगाबादहून?"

तिला ठाऊक नव्हतं. पुन्हा हशा, या वेळी मोठा. मी म्हणाले, "घरात गोष्टी ऐकाव्यात. पेपरात लिहू नयेत. खोट्याला गुण नसतात." खोटं हा शब्द मी वापरला. चुकीचं म्हणता आलं असतं.

काळ्या रंगाची वस्तू ऊन जास्त शोषते, हा धडा मी त्याच वर्गाला ऑगस्टमध्ये शिकवला होता. आमच्या काळ्या मातीचं उदाहरणही दिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मुली मंगलला 'माती' म्हणायला लागल्या. माती, डबा आण. माती, तुझ्या दादांनी आज काय पसरलं?

चारेक दिवसांनी मधल्या सुट्टीत मामा माझ्याकडे आले. शिक्षकखोलीच्या दारात दोनदा पाय आपटले, पण आत आले नाहीत.

"बाई, मार्काचं बोलायला नाय आलो. मार्क ऱ्हाऊ द्या."

"मग?"

"ती माती दिवाळीच्या आधीच घरात भरून ठिवत्यात. टोपल्याच्या टोपल्या. बर्फ पडायच्या आत. मी पोरीला तेवढं सांगायचं इसरलो."

"भागाजी, मी पुस्तकाबाहेरचं मान्य करू शकत नाही. उद्या प्रत्येक मुलगी घरचं काहीतरी लिहून आणेल."

"व्हय, ते खरं." मग म्हणाले, "पोरगी काल जेवताना म्हनली, दादा, तुम्ही खरंच गेलता का तिकडं?"

मी वह्यांवरून मान वर केली.

"नऊ वर्स बाई. दोन बोटं गेली थंडीनं." त्यांनी उजवा पाय किंचित पुढे केला, बूट काही काढला नाही. "तिला वाटाया लागलं, बाप असंच कुठं तरी मजुरी करत व्हता आन् आता बाता मारतोय. मला पोरींचं काय नाय. हसत्यात, हसू द्या. पन मंगलनं इचारावं..." त्यांनी पाय मागे घेतला. "तुम्ही एकदा वर्गात म्हना, हे खरं हाय. बस."

"पुरावा आणा," मी म्हणाले. "छापील काहीतरी दाखवा. मी सांगते."

खरं तर मला विषय संपवायचा होता. शिपाई छापील पुरावा कुठून आणणार?

मामांनी माझं म्हणणं शब्दशः घेतलं. पाच-सहा रविवार ते शहरातल्या वाचनालयात जाऊन बसले. तिथल्या माणसानं त्यांना हिमालयावरची पुस्तकं काढून दिली. त्यांत देवळं होती, शिखरं होती, फुलं होती, शेतकऱ्यानं मार्चमध्ये काय करायचं हे नव्हतं. शेवटी त्यांनी नोरबू नावाच्या तिथल्या एका चहावाल्याला पत्र लिहिलं. पण तोवर मार्गशीर्ष उजाडला होता.

"खिंड मिटली बाई," ते मला सांगून गेले. "पत्र आता मनालीत बसलं. उघडली की जाईल."

"बरं."

त्या हिवाळ्यात मामांनी पत्राचा प्रवास मला दर आठवड्याला सांगितला. मी विचारत नव्हते. खडूचा डबा ठेवायला यायचे आणि एक वाक्य बोलून जायचे. पौषात: "आता तिकडं छपरावरचा बर्फ लाकडी फावड्यानं ढकलत्यात, न्हाय तर छप्पर बसतं." माघात: "बाया आत बसून लोकर विनत्यात. पत्र अजून खालीच." होळीच्या सुमाराला: "आता माती टाकत असतील." हे मात्र ते माझ्याकडे न बघता म्हणाले. कॅलेंडरवर मेच्या पानावर त्यांनी एका चौकटीला वर्तुळ केलं होतं आणि त्यात काहीच लिहिलं नव्हतं.

मंगल त्या वर्षी पुस्तकातली चार वाक्यं लिहायला शिकली. वार्षिक परीक्षेत तिला भूगोलात चांगले गुण पडले. आकृतीसुद्धा बरोबर होती.

जूनमध्ये शाळा उघडली त्या आठवड्यात मामा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. हातात बंद पाकीट.

"आलं."

"काय लिहिलंय?"

"फोडलं नाय. मी फोडलं तर कुनी म्हनंल मीच लिवलं. तुम्हीच फोडा."

पाकिटावर तिकडच्या टपालाचे दोन शिक्के होते. मी फोडलं. नोरबूच्या मुलानं बापाच्या सांगण्यावरून लिहिलेलं हिंदी पत्र. भागाजीभाईंची चिठ्ठी जेठात पोचली. बाबा आता चहाचं दुकान करत नाहीत, शेतीच बघतात. आपण मातीचं विचारलं म्हणून सगळे हसले, ही काय विचारायची गोष्ट आहे. या वर्षी बर्फ जास्त होतं, दोनदा टाकली. पुढे एक वाक्य होतं ते मला पाठ आहे: 'मिट्टी नहीं डालेंगे तो बोएँगे कब?'

माती नाही टाकली तर पेरायचं कधी? एवढी सरळ गोष्ट. तिथे मुलांनाही ठाऊक असलेली.

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणाले. माझा आवाज कोरडाच होता. "सांगते मी वर्गात."

"पत्र तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. पोरींना दावायला."

ते पत्र मी माझ्या खणात ठेवलं.

आता त्या मुली दहावीत गेल्या होत्या. दहावीला भूगोल मला नव्हता. त्यांचा वर्ग व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला होता, माझ्या वर्गापासून दोन मिनिटांवर. मी तिथे जाऊन शिकवणाऱ्या बाईंची पाच मिनिटं मागून घेऊ शकत होते. सोमवारी मी गेले नाही, कारण नवीन वेळापत्रक लागलं होतं. मंगळवारी गेले नाही, कारण त्या बाई रजेवर होत्या, म्हणजे उलट सोपं झालं असतं. त्या वर्षी मी पर्यवेक्षिका व्हायची बोलणी चालू होती आणि साठ मुलींसमोर उभं राहून 'मी चुकले, शिपाई बरोबर होते' हे वाक्य म्हणायला माझी जीभ तयार नव्हती.

पुढच्या सोमवारी मामा चहाचा ट्रे घेऊन शिक्षकखोलीत आले. माझ्या शेजारी दोन बाई बसलेल्या. कप ठेवता ठेवता त्यांनी हळूच विचारलं, "बाई, सांगितलं का?"

"हो," मी म्हणाले. "सांगितलं."

ठरवून बोलले नाही. दुपारी जाऊन ते खरं करून टाकायचं असं बोलल्याबरोबर मनाशी म्हटलं. दुपारी मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मामा पेढ्यांचा पुडा घेऊन आले. आधी मोठ्या बाईंना, मग मला, मग सगळ्यांना. रहीमभाईंनी दोन उचलले आणि विचारलं, "क्या भागाजी, खिंड खुल गई क्या?"

"खुल गई," मामा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "मंगलला इचारलं मी काल. म्हनलं, बाईंनी सांगितलं का गं वर्गात? तर म्हनली, व्हय दादा. समद्यांसमोर सांगितलं. चुकले म्हनल्या. पोरींनी टाळ्या वाजवल्या म्हनली."

पेढा माझ्या हातात होता. तो मी खाल्ला, कारण ते समोर उभे होते.

पंधरा वर्षांची मुलगी. त्या वर्गात ती स्वतः बसत होती. कुणी आलं नाही, कुणी काही बोललं नाही हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. बापाचा चेहरा पाहून तिनं ते सगळं रचलं, माझी माफीसुद्धा. त्याच दिवशी ती मला नळापाशी दिसली. बाटली भरत होती. माझ्याकडे तिनं पाहिलं ते रागानं नाही; एखादं ओझं आपल्या माथी आल्यावर माणूस दुसऱ्या टोकाला कोण आहे हे बघतो, तसं पाहिलं. मी "मंगल" म्हणाले. ती "येते बाई" म्हणून निघून गेली.

त्यानंतर मला नवीन सबब मिळाली, आणि ती आधीच्यांपेक्षा भक्कम होती. आता वर्गात सांगितलं तर मामांना कळणार, की आधी सांगितलं नव्हतं. बाई खोटं बोलल्या आणि मुलगीही. म्हणजे न सांगणं हेच आता त्यांच्या भल्याचं. भ्याडपणाला इतकं सभ्य कारण मिळालं की माणूस त्याला लगेच चिकटतो.

मी पुढच्या प्रत्येक नववीला बर्फावरच्या मातीचं शिकवलं. आपल्या शाळेतल्या भागाजी मामांनी हे डोळ्यांनी पाहिलंय, असं नाव घेऊन सांगितलं. मुली मामांना जाऊन प्रश्न विचारायच्या, ते खुलून उत्तरं द्यायचे. पण त्या मुलींना आधीचं काही ठाऊक नव्हतं. ज्या साठ जणींना सांगायचं होतं त्या लग्न होऊन, नोकऱ्या लागून पांगल्या.

मामा निवृत्त झाले तेव्हा मी उपमुख्याध्यापिका होते. निरोपसमारंभात बोलायचं होतं. या वेळी मी ठरवलं होतं, सगळं बोलायचं. खणातलं पत्र पर्समध्ये घेतलं होतं. कार्यक्रमाच्या आधी अर्धा तास मंगल मला व्हरांड्यात गाठायला आली. ती आता चिकलठाण्याच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात परिचारिका होती; सोबत तिची पाच-सहा वर्षांची मुलगी. मुलीला तिनं मामांकडे पिटाळलं.

"बाई, तुम्ही आज त्या पत्राचं बोलणार का?"

"हो. खरं काय झालं ते सांगणार आहे. खूप उशीर झाला आहे, मला कळतं."

"नका सांगू."

"मंगल, मला..."

"तुम्हाला मोकळं वाटेल. त्यांचं काय?" तिचा आवाज चढला नाही. इंजेक्शन देताना हात धरून ठेवावा तसं बोलत होती. "पंधरा दिवस झाले, दादा भाषण पाठ करतायत. त्यात तुम्ही आहात. मला रोज म्हणून दाखवतात. आता त्यांना सांगणार, की ते झालंच नव्हतं?"

मी पर्समधून पत्र काढून तिला दिलं. तिनं ते आजवर पाहिलेलंच नव्हतं. उभ्या उभ्या वाचलं, घडी जशी होती तशीच घातली.

"तुला तेव्हा पटलं होतं का?" मी विचारलं. "दादा खरं बोलतायत ते?"

"पत्र आलं त्या दिवशी ते घरी आले ना, तेव्हाच पटलं. त्याच्या आधीचे सहा-सात महिने नव्हतं पटलं." तिनं घडीवरून बोट फिरवलं. "ते महिने राहिलेच, बाई."

माझं भाषण चार मिनिटांचं झालं. वक्तशीरपणा, घंटा, सेवावृत्ती. मग मामा उठले. गळ्यात हार, डोक्याला नवा फेटा. माइक त्यांना उंचीला कमी पडत होता, वाकून बोलले.

"मी शिकलेला मानूस नाय. पन शिकलेली मानसं लई बगितली. ह्या बाई हायेत ना," त्यांनी माझ्याकडे हात केला, "ह्यांनी एकदा माझ्या पोरीला वर्गात खोटं पाडलं व्हतं. माझ्यामुळं. मी सांगितलेलं तिनं लिवलं म्हनून. मला लई लागलं. मी पत्र धाडलं, सहा म्हैन्यांनी जवाब आला. आन् बाईंनी काय केलं? दहावीच्या वर्गात गेल्या, साठ पोरींसमोर म्हनल्या, मी चुकले, भागाजी खरा हाय. पर्यवेक्षिका व्हनार व्हत्या बरं का त्या वर्सी! शिपायासाठी कोन करतं असं? मी वाडीत समद्यांना सांगतो. मास्तर असावा तर असा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाई निवृत्त होऊन पुन्हा पाहुण्या म्हणून आल्या होत्या, त्यांनी वाकून माझा हात दाबला. नव्या शिक्षिका माझ्याकडे बघत होत्या. मंगल तिसऱ्या रांगेत बसून सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती. मी उठून उभी राहिले आणि नमस्कार केला. दुसरं काय करता आलं असतं याचा मी नंतर पुष्कळ विचार केला आहे.

फाटकापाशी रिक्षा उभी होती, बसस्टँडपर्यंत सोडायला. सामान म्हणजे एक पिशवी, शाळेनं दिलेलं भिंतीवरचं घड्याळ आणि नात. मामा आत बसले, पुन्हा उतरले आणि नातीला हात धरून माझ्यापर्यंत घेऊन आले.

"पाया पड," ते तिला म्हणाले. "ह्या त्याच बाई."

मी मागे सरायच्या आत ती पोर वाकली. तिच्या दोन्ही तळव्यांचा स्पर्श माझ्या पावलांना झाला. मामा पलीकडे उभे राहून समाधानानं बघत होते. मग ते वळले, रिक्षात बसले, हार बाहेर लोंबू नये म्हणून मांडीवर गोळा केला. मंगल त्यांच्या शेजारी बसली होती. रिक्षा वळेपर्यंत मामा मागे वळून हात हलवत होते. तिनं एकदाही मागे पाहिलं नाही.